दुधातील हिंसा आणि आहाराचे उत्तरदायित्व

प्राणिजन्य अन्न सर्वस्वी वर्ज्य करावे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा शाकाहार आणि मांसाहार यांच्या जुन्या वादाच्या चौकटीत मांडला जातो. परंतु व्हीगन आहार, म्हणजे मांस, मासे व अंडी यांबरोबर दूध, तूप आणि मधही नाकारणारा आहार, त्या वादातील दोन्ही पक्षांची परीक्षा घेतो. त्र्यंबकेश्वरी ज्योतिर्लिंगाला पंचामृताचा अभिषेक होतो, आणि तेथील संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनाला पौष वद्य एकादशीस येणारा माळकरी मांस वर्ज्य करतो, पण दुधाला पवित्र मानतो. म्हणून ही परीक्षा तेथे अधिकच कठीण ठरते.

या क्षेत्राची मूळ कथाही पीक आणि पशू यांच्या संघर्षातूनच घडली आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेनुसार अवर्षणाच्या काळात धान्य पिकवणाऱ्या गौतम ऋषींच्या शेतात एक दुबळी गाय शिरली आणि तिला हाकलण्यासाठी उचललेल्या गवताच्या काड्यांचा स्पर्श होताच ती गतप्राण झाली. ती गाय मत्सरी ऋषींच्या आग्रहावरून रचलेली माया होती आणि गौतमांचा हेतू निर्दोष होता. तरीही त्यांनी प्रायश्चित्त, म्हणजे घडलेल्या दोषाचे परिमार्जन करणारे आचरण, स्वीकारले आणि त्यातून ब्रह्मगिरीवर गोदावरी अवतरली. हेतू शुद्ध असला तरी परिणामाचे उत्तरदायित्व संपत नाही, हा या कथेचा नैतिक आशय आहे.

हाच निकष दुधाला लावला, तर दूध हे हिंसामुक्त अन्न आहे ही समजूत टिकत नाही. गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, जन्मणाऱ्या वासरांपैकी सुमारे निम्मी नर असतात, ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली आहे, आणि भाकड जनावर पोसण्याचा भार मुख्यतः शेतकऱ्यावरच पडतो. महाराष्ट्रातील १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याची गोवंश हत्याबंदी २०१५ पासून बैल व वळूंनाही लागू झाली. परंतु वध थांबल्याने पोषणाचा प्रश्न सुटत नाही, आणि म्हशी व रेडे तर त्या बंदीबाहेरच राहिले. दुधाचा हा पेच महात्मा गांधींनीही अनुभवला: त्यांनी १९१२ मध्ये दूध सोडले आणि पुढे गंभीर आजारात शेळीचे दूध घेतले. दूध न घेण्याच्या व्रताचे शब्द पाळले गेले तरी त्याचा आशय मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे.

पर्यावरणाचा हिशेबही याच दिशेने जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वाटा पशुधनाच्या साखळीचा असल्याचे अनुमान मांडले; त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात तयार होणाऱ्या मिथेनचा भाग मोठा आहे. धान्य पशूला घालून त्याचे मांस किंवा दूध मिळवताना त्या धान्यातील बहुतांश ऊर्जा वाटेतच खर्ची पडते, म्हणून तेवढ्याच माणसांना पोसण्यासाठी अधिक जमीन आणि अधिक पाणी लागते.

मात्र हा हिशेब सर्वत्र सरसकट लावणे अन्यायाचे होईल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर भात, नागली आणि वरई पिकवतात. तेथे बैल नांगर ओढतो, पेंढा आणि रानातले गवत खातो, आणि त्याचे शेण खतासाठी व राबासाठी, म्हणजे रोपे तयार करण्यापूर्वी पालापाचोळ्यासह भाजल्या जाणाऱ्या वाफ्यासाठी, उपयोगी पडते. असे पशू माणसाच्या धान्याशी स्पर्धा करत नाहीत. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, त्यासाठी पूरक गोळ्या किंवा पोषणयुक्त केलेले पदार्थ घ्यावे लागतात, आणि ती सोय प्रत्येक घराच्या आवाक्यात नसते. अशा घरातील कोंबडीच्या अंड्याला अधर्म म्हणणे हा धर्मविचार नव्हे.

म्हणून आहारातील अहिंसा ही सर्वांवर समान लादलेली आज्ञा न राहता निवडीच्या सामर्थ्यानुसार वाढत जाणारे कर्तव्य ठरते. ज्याच्यासमोर डाळी, तेलबिया आणि पूरक जीवनसत्त्वे सहज उपलब्ध आहेत, त्या सुस्थित भाविकाने दुधाचा उपभोग व अपव्यय घटवणे, आणि जे दूध तो घेतो त्यामागील वासराच्या व भाकड गाईच्या पोषणाचा वाटा उचलणे, ही त्याच्या श्रद्धेची किमान मागणी आहे. आणि ती पूर्ण करण्याआधी डोंगरातल्या गरिबाच्या ताटाचा न्याय करण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही.