तटस्थाचं तिकीट

जानेवारीतल्या एका सकाळी सोलहून टूरच्या बसने निघालो, तेव्हा तापमान उणे अकरा होतं. तासाभरात इमजिन नदी दिसायला लागली. पात्रात बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या, आणि काठाने लांबच लांब काटेरी तारांचं कुंपण. गाइडने माईकवरून सूचना दिल्या : पासपोर्ट हाताशी ठेवा, मी सांगेन तिथेच फोटो काढा, दुपारी जेवायला बिबिम्बाप आहे. तिन्ही वाक्यं एकाच सुरात.

कोरियाचे दोन तुकडे करणारा हा पट्टा सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद आहे. नाव निर्लष्करी क्षेत्र. पण त्याच्या दोन्ही कडांना जगातल्या सर्वांत कडक लष्करी पहाऱ्यांपैकी एक. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोमला शस्त्रसंधीचा करार झाला, शांततेचा करार मात्र आजवर झालेला नाही. म्हणजे कागदोपत्री युद्ध चालूच आहे आणि आम्ही त्याच्या सहलीला आलो होतो.

पहिला थांबा इमजिनगाक. इथे गोळ्यांनी चाळण झालेलं रेल्वेचं जुनं इंजिन आहे, सीमेवरच्या काटेरी तारेचे तुकडे आठवण म्हणून विकणारं दुकान आहे, शेजारी मुलांसाठी पाळणे आहेत. आणि मांगबेदान नावाची एक वेदी आहे. घरदार उत्तरेत राहिलेली, परत जाऊ न शकलेली माणसं चांद्र नववर्षाला आणि छुसॉकच्या सणाला इथे येतात आणि उत्तरेकडे तोंड करून पितरांना नमस्कार करतात. त्या दिवशी सण नव्हता, तरी एक आजोबा आले होते, सोबत बहुधा नातू. आजोबांनी हातमोजे काढले, गार फरशीवर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. उठताना त्या मुलाने हात दिला. तोवर मी फोन वर केला होता. फोटो निघाला. चांगला निघाला.

तो अजून माझ्याकडे आहे. कोणाला दाखवावासा वाटलेला नाही आणि डिलीटही करवलेला नाही.

दुसऱ्याचं दुःख तिकीट काढून बघायला जाणं गैर आहे का? ‘गैरच आहे’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. न बघणाऱ्यांनी आजोबांचं काय भलं केलं? ताटातुटीची नोंदणी केलेल्या सुमारे १ लाख ३४ हजार दक्षिण कोरियन लोकांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. २००० पासून अधूनमधून होणाऱ्या भेटी २०१८ नंतर बंद पडल्या. अशा वेळी कोणी येऊन बघतं, नाव विचारतं, हेही विसरण्यापेक्षा बरंच.

मग बोच कसली होती? पुढे दोरा वेधशाळेच्या गच्चीवर दुर्बिणीतून उत्तरेकडची उघडी टेकाडं बघताना ती थोडी उमगली. मला दोन्ही बाजूंबद्दल सारखीच हळहळ वाटत होती, आणि या निःपक्षपातीपणाचा मला थोडा अभिमानही वाटत होता. आपल्या भाषेत तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. मी तसाच उभा होतो. पाय कोरडे, वरून कॉफी.

याच पट्ट्यात आपली माणसं एका हिवाळ्यात तटस्थ म्हणूनच राहिली होती. युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर कैद्यांचा प्रश्न होता. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने पट्ट्यात उतरवावं लागलं. ‘हिंदनगर’ नावाच्या छावणीत ते राहिले. दोन्ही बाजू त्यांच्यावर नाराज होत्या. शेवटी ८८ कैद्यांनी दोन्हीकडचं काहीच नको म्हणून तिसऱ्या देशात जायचं ठरवलं, आणि १९५४ मध्ये त्यांना भारतात आणलं गेलं.

त्या सैनिकांनी सगळं अचूक केलं असा माझा दावा नाही. पण त्यांचं तटस्थ असणं काठावरचं नव्हतं, मधोमध होतं. थंडी, शिव्या आणि जबाबदारी त्यांच्या वाट्याला आली. माझ्या वाट्याला चॉकलेटचा बॉक्स आला. फरक बघण्यात नाही, बघण्याची किंमत कोण मोजतं यात आहे.

मग माझ्यासारख्याने कोणती किंमत मोजावी? कोरियाचा प्रश्न मी सोडवणार नाही, आणि सोडवल्याचा आव आणू नये हेही कळतं. पण परतीच्या बसमध्ये मला अटारी आठवली. काही वर्षांपूर्वी तिथल्या संध्याकाळच्या संचलनाला मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. समोरच्या गॅलरीत एखादी म्हातारी बसली असेल, तिचं माहेर अमृतसरच्या एखाद्या गल्लीत असेल, हे तेव्हा मनात आलंही नव्हतं. कोरियनांच्या फाळणीवर गलबलून यायला मला अर्धा दिवस पुरला. स्वतःच्या देशाच्या फाळणीसमोर मी घोषणा दिल्या. परक्याच्या सीमेवर करुणा स्वस्त मिळते, कारण तिथे आपल्याला काही सोडावं लागत नाही.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं : बघायला जावं, पण तिथे मिळालेली नजर तिथेच ठेवून येऊ नये. ती घरच्या कुंपणाशी वापरावी, जिथे ती वापरल्यावर मित्र नाराज होतात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शांतता पसरते. ती नाराजी हेच त्या तिकिटाचे उरलेले पैसे. माझे अजून चुकते व्हायचे आहेत. अटारीला पुन्हा जायचं मनात आहे. या वेळी गप्प बसून समोरच्या गॅलरीकडे बघता येतं का, ते बघायचं आहे. जमेलच असं नाही. आजूबाजूला सगळे ओरडत असताना गप्प बसणं मला कधी फारसं जमलेलं नाही.