पाच पर्यायांतलं मन

मन मोजता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मनीषनगरात यावं. इथे आमची पुतणी मानसशास्त्रात पीएच.डी. करते. विषय, वृद्धांचा एकटेपणा. प्रश्नावलीआधी संमतीपत्र: उत्तर टाळा, मधेच उठा, नाव गुप्त. गुप्त! आमच्या बिल्डिंगीत कुकरच्या शिट्ट्यासुद्धा शेजारी मोजून ठेवतात.

तरी हे कागद उगाच आले नाहीत. 1961 साली येल विद्यापीठात मिलग्रॅमसाहेबांनी 40 जणांना स्मरणशक्तीच्या नावाखाली बोलावलं आणि तपासलं आज्ञापालन. 26 जण 450 व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. झटके खोटे, दाबणाऱ्यांचा घाम मात्र खरा. गंडवून काढलेलं सत्यच ते!

पुतणी कुणाला गंडवत नाही. पेच वेगळाच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘एकटं वाटतं’ यापुढे ‘नेहमी’वर खूण केली न् म्हणाल्या, “तू त डॉक्टर होशीन वं पोरी. मंग माह्याकडं कोण येईन?” (हे काकूंनीच जिन्यात सांगितलं. पुतणीच्या तोंडाला कुलूप.)

या प्रश्नाला प्रश्नावलीत रकाना नाही. पोरगी आता दर गुरुवारी तिकडे चहाला जाते. गाइड म्हणतात, अशानं आकडे बिघडतात. बिघडू द्यावेत का, यावर घरी रोज वाद होतो. काकूंना अजून कुणी विचारलेलं नाही.