खाच कुठं आहे?

बसू नका, उभेच राहा. मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडं काय बघताय, या बुंध्याकडं बघा. खाच कुठं आहे? १६ इंच जाडीचा, ५० फूट उंचीचा वाळलेला सुरू तुम्ही आडवा केलात, तर बुंध्यावर कुठंतरी खाच दिसायला हवी. दाखवा मला.

नाही ना? मग हे झाड तुम्ही पाडलेलं नाही. ते पडलं. ‘पण सर, पडलं तर खरं’ असं मघाशी मागून कुणीतरी पुटपुटलं. कोण ते मी विचारत नाही, पण हे वाक्य या आवारात पुन्हा ऐकून घेणार नाही. वाळलेलं झाड वाऱ्यानंही पडतं, वाळवीनंही पडतं. माणसानं पाडायचं म्हणजे ते कुठं पडणार हे आधी सांगायचं आणि सांगितल्या जागीच आडवं करायचं. तुम्ही कुंपणाकडची मोकळी जागा दाखवली होती. झाड गेलं डावीकडं, पंपघरावर. कौलं फुटली, वासा मोडला, ते भरून निघेल. पंपघरात त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं. त्यात तुमची कसलीही कर्तबगारी नाही.

आता बुंधा नीट वाचा. ही मागची बाजू. इथं करवतीचा काप चार इंच आत गेलाय आणि थांबलाय. का थांबला? करवत अडकली म्हणून. का अडकली? झाड मागं कललेलं होतं, काप थोडा खोल जाताच सगळा भार पात्यावर बसला. तिथंच थांबायला हवं होतं. तुम्ही काय केलंत? दोघं करवतीला लोंबकळलात, निघेना म्हणून ती तशीच सोडलीत आणि कुऱ्हाड घेऊन सुटलात. समोरून घाव, उजवीकडून घाव, दमलात की दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड. उजव्या अंगाला बघा, घाव थेट गाभ्यापर्यंत पोचलेत. डाव्या अंगाला मात्र दोन-तीन इंचांचं लाकूड तसंच राहिलं होतं. हात लावून बघा. हे तंतू कापलेले नाहीत, ओढून फाटलेत, हातभर लांब चिळका निघालाय. उजवीकडून झाड सुटलं, डावीकडं धरून राहिलं, म्हणून पडता पडता डावीकडं फिरलं. ज्या बाजूला लाकूड जास्त शिल्लक, त्या बाजूला झाड ओढलं जातं. हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं, तुम्ही वहीत उतरवूनही घेतलं होतं. वही खोलीवर ठेवून आलात, आणि डोकंही तिथंच ठेवून आलात.

कुऱ्हाड जोरात चालली की झाड आपलं ऐकतं, हा समज आधी काढून टाका. पन्नास फुटी ओंडक्यापुढं तुमच्या दंडांची काय मातब्बरी? झाडाची दिशा कापलेलं लाकूड ठरवत नाही, शिल्लक ठेवलेलं लाकूड ठरवतं. ते किती ठेवायचं, कुठं ठेवायचं, एवढीच ही विद्या आहे. तीच तुम्ही वाऱ्यावर सोडलीत.

पाडायच्या बाजूला आधी खाच. खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे या झाडाला चार इंच. खालचा काप करवतीनं आडवा, वरचा कुऱ्हाडीनं तिरका, तोंड निदान ४५ अंश उघडं. दोन्ही काप आत एकाच रेषेत भेटले पाहिजेत. एक दुसऱ्याच्या पुढं घुसला तर पुढचं सगळं बिघडलं. ही आतली रेष म्हणजे झाडाची दिशा, आणि ती डोळ्यांनी तपासता येते. सारख्या लांबीच्या दोन काटक्या घ्या. एकीचं टोक खाचेच्या आतल्या डाव्या कोपऱ्यात टेकवा, दुसरीचं उजव्या कोपऱ्यात, आणि बाहेरची टोकं जुळवा. टोकं जिकडं जुळतात तिकडं झाड जाणार. कुंपणाऐवजी पंपघर दिसायला लागलं तर खाच दुरुस्त करायची. मागचा काप घातला नसेल तोवर चूक सुधारता येते. पुढं नाही.

मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दीड-दोन इंच वर घ्यायचा, आणि खाचेपर्यंत न्यायचाच नाही. मधे दीड इंच जाडीची पट्टी सोडायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. हिलाच बिजागरी म्हणायचं. दार जसं बिजागरीवर फिरतं, भलतीकडं जात नाही, तसं झाड या पट्टीवर वळत खाली येतं आणि खाच मिटेपर्यंत बुंधा सोडत नाही. ही पट्टी कापून टाकली की झाडावर कुणाचाही ताबा उरत नाही. उतावळेपणानं शेवटचे दोन हात करवत जास्त मारणारा माणूस नेमकी हीच पट्टी कापतो.

आता ती पिशवी पुढं आणा. ओता. चार पाचरी. बाभळीच्या, वाळवलेल्या, मी स्वतः तासून दिलेल्या. एकीच्याही डोक्यावर घणाची खूण नाही! जशा दिल्या तशाच परत आल्या. याचा मला पंपघरापेक्षा जास्त राग आलाय. करवतीचं पातं कापात पुरतं बुडलं की त्याच्या मागून पाचर बसवायची, म्हणजे काप मिटत नाही, करवत अडकत नाही. लाकडाचीच पाचर का? करवतीचा दाता चुकून लागला तरी मोडत नाही. लोखंडी लावलीत तर दात्यांची वाट लागेल. आणि पाचर काय ताकदीची असते, तेही ऐका. बिजागरीपासून मागच्या सालीपर्यंत सुमारे ११ इंच. तिथं पाचरीनं झाड एक इंच उचललं, तर ५० फुटांवरचा शेंडा जवळजवळ साडेचार फूट पुढं सरकतो. शेंडा मागं झुकला होता तो दोन फूट. म्हणजे अर्धा इंच उचलून हा सुरू तोलावर आला असता, आणखी दोन-चार ठोके आणि कुंपणाकडं. दोन पाचरी शेजारी शेजारी ठेवून आळीपाळीनं ठोकायच्या, प्रत्येक ठोक्याला वर शेंड्याकडं नजर. वाळकी फांदी कुणाच्या नावानं सुटेल सांगता येत नाही, म्हणून हेल्मेट दिली होती. ती तिकडं कुंपणावर टांगलेली दिसतायत.

शेंडा दोन फूट मागं होता हे मला कसं कळलं? ओळंब्यानं. गवंड्याकडं असतो तोच. झाडापासून लांब उभं राहून तो डोळ्यांसमोर धरायचा, एकदा पाडायच्या रेषेत उभं राहून आणि एकदा तिला काटकोनात. पाच मिनिटांचं काम. तुम्ही ते केलं असतं तर आणखी एक गोष्ट दिसली असती: झाड मागंच नाही, थोडं डावीकडंही कलतं होतं. अशा वेळी बिजागरी उजवीकडं जरा जाड ठेवायची, म्हणजे ती डावीकडच्या ओढीला आवर घालते. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

आता दोर. दोर धरणारे तिघं पुढं या. दोर कधी बांधलात? करवत अडकल्यावर. म्हणजे वरातीमागून घोडं. कुठं बांधलात? हात पोचेल तिथं, डोक्याच्या थोडं वर. इतक्या खाली बांधलेल्या दोरानं खोड हलतं, शेंडा हलत नाही. सुतळीला दगड बांधून ती वरच्या भक्कम फांदीवरून टाकायची, सुतळीनं दोर ओढून घ्यायचा, आणि हे सगळं पहिला घाव घालायच्या आधी. आणि दोर किती लांब होता? ३० फूट. झाड ५० फुटांचं, तुम्ही ३० फुटांवर, बरोबर पाडायच्या रेषेत उभे राहून स्वतःकडं ओढताय. झाडानं तुमचं ऐकलं असतं तर ते तुमच्या अंगावर आलं असतं. समजतंय का मी काय म्हणतोय? झाड चुकलं म्हणून तुम्ही तिघं आज माझ्यासमोर उभे आहात. एकानं तर दोर मनगटाला गुंडाळला होता. सोडायची वेळ आली असती तर कसा सोडणार होतास? दोर झाडाच्या उंचीपेक्षा चांगला लांब हवा. नसेल तर पुढच्या भक्कम झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधून दोर वळवायचा आणि ओढणाऱ्यांनी बाजूला, दूर उभं राहायचं. ज्यांचं काम नाही त्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब. ५० फुटांचं झाड, तर १०० फूट. उंची मोजायला यंत्र लागत नाही. आपल्या हाताच्या लांबीची काठी हात ताठ करून उभी धरा आणि काठीचं खालचं टोक बुंध्यावर, वरचं शेंड्यावर येईपर्यंत मागं सरका. सपाट जमिनीवर तुमचं आणि झाडाचं जे अंतर, तीच उंची.

कापणाऱ्यानं पळायची वाट आधी साफ करायची. झाड पडायच्या उलट बाजूला, पण सरळ मागं नाही, तिरपं. सरळ मागं उभं राहिलेल्याच्या छातीवर बुडखा उसळून येतो. तुमच्या मागं काय होतं? करवंदीची जाळी, आणि तुम्हीच टाकलेल्या फांद्या. झाड कडकडायला लागलं तेव्हा तुमच्यातला एक त्या फांद्यांत पाय अडकून पडला, हे मी व्हरांड्यातून डोळ्यांनी पाहिलं. ओरडायला माझ्या तोंडून आवाज फुटेना.

आणि वेळ कोणती निवडलीत? दुपारी दोन. किनाऱ्यावर वाढलेल्या पोरांना सांगावं लागतं का, की दुपारी खारा वारा चढतो? असली कामं सकाळी, वारा पडलेला असताना.

तुम्हाला वाटत असेल, एवढं काय त्यात, गावाकडं सगळेच असं पाडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, आंबे मुळासकट उलटले, आणि सरकारी मदत पोचायच्या आधी गावातली तुमच्याच वयाची मुलं कोयता, कुऱ्हाड घेऊन रस्ता मोकळा करायला धावली. पुन्हा वादळ येईल तेव्हा लोक तुम्हाला बोलावतील, कारण तुम्ही शेतीचं शिकलेले. वादळात पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त धोक्याचं. उलटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की मुळांचा मातीसकट गड्डा पुन्हा खड्ड्यात बसतो, आणि त्या खड्ड्यात लहान पोरं खेळत असतात. आधी तो खड्डा बघायचा. वाकून अडकलेल्या खोडाच्या एका अंगाला दाब असतो, दुसऱ्या अंगाला ताण. ताणाच्या बाजूनं एकदम कापलंत तर खोड फाटून तोंडावर येतं. दाबाच्या बाजूला आधी थोडा काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूनं हळूहळू, स्वतः बाजूला उभं राहून. सुरू आणि निलगिरी यांची लाकडं उभी चिरतात. पुढं फार कललेलं असेल तर मागचा काप पुरा व्हायच्या आधीच खोड मधोमध उभं फाटतं आणि मागचा भाग कापणाऱ्यावर उसळतो. तिथं कापाच्या वर खोडाला साखळी करकचून आवळायची, नाहीतर जाणत्या माणसाला बोलवायचं. माडाचं तंत्र वेगळंच. त्याचं लाकूड बाहेर टणक, आत मऊ, या बिजागरीच्या हिशेबावर त्याच्या बाबतीत विसंबू नका. घरांच्या मधला माड पाडत नाहीत, वरून तुकडे करत उतरवतात. ते काम माडावर चढणाऱ्याचं, तुमचं नाही.

कुऱ्हाड बघितली मी. दांडा धामणीचा, उत्तम, पण डोकं हलतंय आणि धार बोथट. बोथट कुऱ्हाड लाकडात घुसत नाही, घसरते, आणि घसरली की नडगीवर येते. करवतीच्या दात्यांना कानस शेवटची कधी लागली? हत्यार परत ठेवताना पुसून, धार लावून ठेवायचं, हे रजिस्टरवर सही करून तुम्ही मान्य केलंय. सही करताना हात थरथरला नाही, धार लावताना कंटाळा आला.

परवानगीचा कागद तुम्ही वेळेवर आणलात, ते मी नाकारत नाही. पण तो कागद झाड तोडायची मुभा देतो, झाड कुठं पडेल याची हमी देत नाही.

आज संध्याकाळपर्यंत पंपघराचा वासा बदला आणि कौलं बसवा, खर्च तुमचा. अडकून वाकलेली करवत घेऊन सुताराकडं तुम्हीच जा आणि ती सरळ होते का विचारा. उद्या सकाळी सात वाजता पाचही जण विहिरीजवळच्या आडव्या ओंडक्यापाशी. त्यातून कमरेएवढे तुकडे काढून जमिनीत रोवायचे, आणि प्रत्येकानं एकट्यानं खाच घ्यायची, काटक्या लावून दिशा सांगायची, दीड इंचाची बिजागरी राखायची, पाचर ठोकायची. मी पट्टी घेऊन मोजणार. पाव इंचाचा फरक आला तर नवा तुकडा. ज्याचं जमेल त्याच्या हातात कुऱ्हाड देईन. ज्याचं जमणार नाही तो या वर्षी उभ्या झाडाला हात लावणार नाही, मग घरून कुणाचाही फोन येऊ दे.

हेल्मेट काढा कुंपणावरून. चला.