बाण करणारा कारागीर आणि मी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली की तुम्हाला पाळणा आठवतो, सुंठवडा आठवतो. मला १९७१ सालचा खंदक आठवतो. मी पलटणीत धर्मगुरू होतो. हुद्दा नायब सुभेदाराचा, पण जवान ‘पंडितजी’ म्हणत. एरवी मंदिराची पूजाअर्चा, आरती, प्रवचन. युद्धात मात्र धर्मगुरूची जागा डॉक्टरांजवळ, जखमींपाशी.

त्या वर्षी दत्तजयंती झाली आणि लगेच ३ डिसेंबरला दोन्ही आघाड्यांवर युद्धाला तोंड फुटले. आम्ही पूर्वेकडे होतो. एका रात्री तोफगोळे जवळ पडू लागले. मी खंदकात डोळे मिटून जप करीत बसलो. वरून हाक आली, ‘पंडितजी, जरा हात द्या, स्ट्रेचर आलंय!’ मी म्हणालो, ‘माळ पुरी होऊ दे.’

खरं सांगतो, ती माळ नव्हती, ती भीती होती.

डोळे उघडले तर स्ट्रेचरचे एक टोक आमच्या सीओसाहेबांनी स्वतः धरलेले! जखमींची विचारपूस करायला ते आले होते. मला वाटले, आता कानउघाडणी होणार. ते एवढेच म्हणाले, ‘पंडितजी, स्ट्रेचर मी धरतो. तुम्ही पोराशी बोला. ते मला जमायचं नाही.’

पोरगा विशीचाही नसेल. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, दत्तनाम सुरू केले. तो म्हणाला, ‘पंडितजी, आधी आईला चिठ्ठी लिहा.’ मी लिहिली. उजाडण्यापूर्वी तो गेला. १६ तारखेला ढाक्यात शत्रूने शरणागती पत्करली, सगळी पलटण नाचली. माझ्या खिशात ती चिठ्ठी होती.

अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत बाण करणारा एक कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला पत्ता नाही, इतका तो कामात गढलेला. त्या रात्री मी स्वतःला तोच दाखला देत होतो. पण बाबांनो, कारागीर आपल्या कामात गढला होता. माझे काम माझ्यासमोर कण्हत पडले होते आणि मी डोळे मिटले होते! ती एकाग्रता नव्हे, ती पळवाट.

आणि पहिला गुरू कोण? पृथ्वी. सगळ्यांचा भार वाहते, बोलून दाखवत नाही. सीओसाहेब त्या रात्री मला पृथ्वीसारखे दिसले. त्यांनी भार उचलला, माझी लाज झाकली आणि माझे काम माझ्या हाती परत दिले. पुढारपण याहून वेगळे काय असते?

तुम्ही घरात वडील असाल, मंडळात अध्यक्ष असाल. चुकलेल्या माणसाला चारचौघांत झोडपू नका. ओझ्याचे एक टोक आपण धरा आणि त्याला म्हणा, ‘हे काम तुझंच आहे, ये.’ आणि जप करताना कुणी हाक मारली तर माळ खाली ठेवा. हाक मारणारे तेच असतात.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!