मुळी सोडवावी, झाड राखावे

॥ राम कृष्ण हरि ॥

आळंदीला माउलींच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याची कथा आपण सर्वांनी कीर्तनातून कितीदा तरी ऐकली आहे. पैठणास नाथमहाराजांचा कंठ दुखू लागला. माउलींनी स्वप्नात येऊन सांगितले की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती काढ. नाथमहाराज आले, समाधीत उतरले आणि त्यांनी मुळी सोडवली. पुढे शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. कीर्तनकार या कथेवरून ग्रंथशुद्धीकडे वळतात आणि ते योग्यच आहे.

पण या कथेतली एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला वयाची पासष्ट वर्षे जावी लागली. नाथमहाराजांनी अजानवृक्ष तोडला नाही. माउलींच्या कंठाला त्रास देणारे झाड म्हणून त्यांनी त्याच्यावर कुऱ्हाड घातली नाही. आणि झाडावर दया करायची म्हणून मुळी तशीच राहू दिली, असेही केले नाही. जे रुतत होते तेवढेच त्यांनी काढले आणि झाड राखले.

हे ध्यानात यायला माझ्या अंगणातली दोन झाडे कारण झाली. तीच हकीकत येथे सांगतो. तिच्यात माझी थोरवी काही नाही, चुकाच जास्त आहेत.

आमचे घर पुण्यात एका टेकडीच्या उतारावर आहे. वडील माळकरी. १९७९ साली वारीहून परतल्यावर त्यांनी अंगणाच्या वरच्या बाजूला, गल्लीकडे, एक गुलमोहर लावला. पुढे त्याच्या सावलीत आमचा हरिपाठ होऊ लागला. खालच्या बाजूला, संरक्षक भिंतीलगत, एक कडुनिंब आपसूक उगवला. भिंतीच्या खाली शेजाऱ्यांचे पत्र्याचे घर. कडुनिंबाची एक लांब फांदी वाढत वाढत त्या पत्र्यांवर गेली.

दर ज्येष्ठात वळवाचा वारा सुटला की शेजारी वर येत. "काका, रात्री झोप लागत नाही. फांदीचं काहीतरी करा. आई त्याच पत्र्याखाली झोपते." मी त्यांना सांगे की तुकोबारायांनी झाडांना सोयरे मानले, आम्ही माळकरी, सोयऱ्यावर कोयता कसा चालवायचा? असे तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी ते वर आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "काका, झाड तुमचं सोयरं आहे, मग माझी आई तुमची कोण?"

मला उत्तर सुचले नाही. उत्तर नसले की माणसाला राग येतो. त्याच आठवड्यात मी एक कोयतेवाला बोलावला आणि त्याला म्हणालो, "वरचं सगळं उतरव, पुन्हा कटकट नको." दुपारपर्यंत कडुनिंबाचे मुंडके छाटून झाले. उरला तो नुसता खांब. शेजारी काही बोलले नाहीत. महापालिकेची परवानगीही मी घेतली नव्हती. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात झाड पाडणे या शब्दात केवळ बुंधा तोडणे येत नाही, जाळणे, कापणे, कोणत्याही रीतीने इजा करणेही येते. झाड आपल्या अंगणातले असले तरी ते सर्वस्वी आपले नसते, हे त्या कायद्याला कळले होते. तुकोबारायांचे नाव घेणाऱ्या मला कळले नव्हते.

दोन वर्षांत त्या खांबाला कोंबांचे दाट झुबके फुटले आणि पुन्हा पत्र्यांवर झुकले. यावेळी शेजाऱ्यांच्या मुलाने झाडांची निगा राखण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला एक तरुण आणला. दोर, पट्टे, शिरस्त्राण असे सगळे त्याच्यापाशी होते. पण तासभर त्याने करवत पिशवीतून बाहेरच काढली नाही. तो झाडांभोवती फिरला. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकून आवाज ऐकला. बुडाशी हाताने माती उकरली. मग विचारू लागला, "काका, इथं भराव कधी टाकला? हे खोदकाम कशाचं?"

तेव्हा एकेक उघड झाले. गाडीसाठी अंगण सपाट करताना मीच कडुनिंबाच्या बुंध्याभोवती दोन फूट माती भरली होती आणि वर काँक्रीट ओतले होते. तो म्हणाला की झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाणी लागते तशी हवाही लागते. भरावाखाली ती गुदमरतात. उतारावरच्या झाडाची गोष्ट आणखी वेगळी. वरच्या अंगाची मुळे दोरासारखी झाडाला ओढून धरतात, खालच्या अंगाची मुळे त्याला टेकू देतात. गुलमोहराच्या वरच्या अंगाला मी पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला होता. तेव्हा मनगटाएवढी मुळे तोडल्याचे मला आठवत होते. म्हणजे ते दोर मीच कापले होते.

कोयत्याने केलेल्या छाटणीबद्दल तो जे बोलला ते सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. आपल्या अंगावरची जखम भरते, खालून नवी त्वचा येते. झाडाचे तसे नसते. अमेरिकेतील अॅलेक्स शायगो या संशोधकाने हजारो खोडे उभी चिरून हे दाखवले. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. जखम आत जन्मभर राहते. म्हणून ती कुठे करायची हे महत्त्वाचे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. फुगवटा कापायचा नाही आणि लांब खुंटीही ठेवायची नाही. जड फांदी असेल तर आधी थोडी दूर खालून खाच, मग तिच्या जरा पुढे वरून काप म्हणजे वजन उतरते, आणि शेवटी फुगवट्याशी स्वच्छ काप. असे केले नाही तर फांदी पडताना खोडाची साल ओढून नेते. कापावर डांबर लावण्याने काही लाभ नाही. एका हंगामात पाव हिश्श्याहून अधिक पाला काढू नये. आणि मुंडके छाटणे तर कधीच नको. त्यातून फुटणारे कोंब वरवरच चिकटलेले असतात. ते जड झाले की वाऱ्यात आधी तेच निखळतात.

म्हणजे शेजाऱ्यांच्या आईवरचे संकट दूर करण्याच्या नावाखाली मी ते वाढवून ठेवले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याला सोयरे म्हणायचे त्याच्यावर हत्यार चालवावे काय? आपल्यातले कित्येक भाविक म्हणतील, चालवू नये. झाड जीव आहे, अहिंसा हा आपला धर्म आहे. याच्या पुष्टीला बाराव्या अध्यायातला माउलींचा दृष्टांतही सांगतील. तोडणारा असो की लावणारा, वृक्ष दोघांना सारखीच सावली देतो. झाडाची ही समता आपण शिकायची, त्याला कापायचे कसले?

हा आक्षेप हलका नाही. पण तो दृष्टांत भक्ताच्या अंगी कोणती वृत्ती असावी हे सांगतो. झाड लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला समान मानते ते त्याचे मोठेपण. त्याच्या मोठेपणावर विसंबून आपण आपले कर्तव्य सोडावे असा त्याचा अर्थ निघत नाही. उलट, ज्याच्याकडून तक्रार येणारच नाही त्याच्याशी वागताना आपली जबाबदारी वाढते.

अहिंसेचे माउलींनी सविस्तर निरूपण केले ते तेराव्या अध्यायात. ते वाचताना एक गोष्ट जाणवते. अहिंसा म्हणजे अमुक करू नये, एवढ्यावर माउली थांबत नाहीत. ज्याच्या अंगी अहिंसा बाणली तो चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, त्याचे हात कसे असतात, हे ते सांगतात. म्हणजे अहिंसा हात आखडून बसण्यात नाही, ती हाताच्या हालचालीत दिसते. आणि हाताच्या आधी डोळ्यांत असावी लागते.

या कसोटीवर मी स्वतःला लावून पाहिले. तीन वर्षे मी फांदीला हात लावू दिला नाही. चौथ्या वर्षी सगळे झाड बोडके केले. वरवर पाहता ही दोन टोके, एक दयेचे आणि एक क्रौर्याचे. पण खरे सांगायचे तर दोन्ही वेळा मी झाडाकडे पाहिलेच नव्हते. आधी मला माझे माळकरीपण राखायचे होते, नंतर माझा त्रास संपवायचा होता. फांदी कुठे जड झाली, बुंधा कशाने गुदमरला, खाली कोण झोपते, यातले काहीच मी पाहिले नाही. संतांचे वचन मी शेजाऱ्यापुढे ढालीसारखे धरले. संतवचनाचा याहून वाईट उपयोग कोणता असेल?

त्या तरुणाने कडुनिंब राखायचा म्हटले. पत्र्यांवरची फांदी एका आडफांदीपर्यंत मागे घ्यायची, कच्चे कोंब तीन वर्षांत थोडेथोडे विरळ करायचे, बुंध्याभोवतीचे काँक्रीट आणि भराव काढायचा, संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोके ठेवायची. पण गुलमोहराबद्दल तो गप्प झाला. बुडाशी लाकडासारखी कडक अळंबी उगवली होती, हातोडीचा आवाज पोकळ येत होता आणि झाड गल्लीवर झुकले होते. तिथे सकाळी शाळेची मुले उभी असतात. "हे उतरवावं लागेल, काका."

ज्या झाडावरून भांडण झाले ते राहणार होते आणि वडिलांच्या हातचे जाणार होते. मी चार दिवस कुणाशी बोललो नाही. आधाराला खांब लावू, दोर बांधू, असे नाना उपाय सुचवले. तो शांतपणे म्हणाला, "मुळंच कुजली तर दोर कशाला बांधणार?" अखेर अर्ज केला. पाहणी झाली, झाडावर नोटीस लागली, परवानगी आली.

मग पैशांचा प्रश्न. कोयतेवाल्याच्या कितीतरी पट खर्च होता. मी घासाघीस करू लागलो. तेव्हा मला तो कोयतेवाला आठवला. माझ्या सांगण्यावरून तो दोराशिवाय तीस फूट चढला होता आणि मी खाली चहा घेत उभा होतो. त्याचा पाय निसटला असता तर? त्याचे नावही मी विचारले नव्हते. चोखोबांची कथा आपल्याला ठाऊक आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना १३३८ साली कुसू कोसळले आणि कामकऱ्यांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. महाद्वारी त्या समाधीपुढे आपण डोके टेकवतो आणि घरी येऊन झाडावर चढणाऱ्याच्या दोराचे पैसे कापतो. झाडावर दया, पण झाडावर चढणाऱ्यावर नाही, ही कुठली दया? मी घासाघीस थांबवली.

ज्या दिवशी गुलमोहर उतरवला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याखाली शेवटचा हरिपाठ केला. शेजारी आईला घेऊन आले होते. सकाळी दोराला बांधून एकेक तुकडा खाली घेतला गेला. बुंधा आडवा कापला तेव्हा आत मूठभर भुसा आणि मोठी पोकळी निघाली. वडील असते तर काय म्हणाले असते, हे मी बराच वेळ त्या पोकळीकडे पाहत विचारत राहिलो. माझ्या टाकीचा खड्डा बाजूलाच होता.

त्या तरुणाने आणखी एक बजावले. तोडलेल्या झाडाची मुळे जमिनीत हळूहळू कुजतात आणि त्यांनी धरलेली उताराची माती काही वर्षांनी सैल होते. म्हणून खुंट उपटून काढला नाही, आणि टाकीपासून अंतर सोडून दोन नवी रोपे लावली, एक उंबर आणि एक करंज. उंबर भिंतीपासून बराच दूर, कारण त्याची मुळे भिंतीत शिरतात. लावतानाच हे पाहिले तर पुढच्या पिढीला कोयता शोधावा लागत नाही. अरणच्या मळ्यात सावतोबांना विठ्ठल भेटला तो खुरपे हातात असतानाच. मळ्याची निगा आणि विठ्ठलाची भक्ती त्यांना वेगळी करावी लागली नाही.

माउलीहो, पावसाळा येण्याआधी आपापल्या अंगणातल्या झाडाखाली एकदा उभे राहा. बुडाशी काँक्रीट भिडले आहे का पाहा. अळंबी आहे का, भेग आहे का, फांदी कुणाच्या छपरावर गेली आहे का पाहा. जाणत्याला बोलवा आणि त्याला दोर वापरू द्या. खाली राहणारा तक्रार घेऊन आला तर त्याला अभंग ऐकवण्याआधी त्याचे म्हणणे ऐका.

यंदा कडुनिंबाचे तिसरे वर्ष. बुंध्याभोवती आता उघडी माती आहे. चैत्रात पालवी आली. आजी त्याच पत्र्याखाली झोपतात. परवा त्यांनी वर निरोप पाठवला, पाडव्याला कडुनिंबाचा पाला मीच तोडून नेईन, तुम्ही कुणाला चढवू नका.

॥ राम कृष्ण हरि ॥