स्वच्छता आणि किळस

आपल्या मालाची थोरवी त्याच्या अंगच्या गुणांनी सिद्ध करावी, की दुसऱ्याच्या मालाविषयी किळस उत्पन्न करून? हा प्रश्न व्यापाराचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. ‘क्रेमो’ नामक चिरुटाची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे.

हा चिरूट अमेरिकन टोबॅको कंपनीचा. यंत्रावर वळलेला, किंमत अवघी ५ सेंट. १९२९ च्या सुमारास त्याच्या जाहिरातींनी अमेरिकन लोकांस बजावण्यास आरंभ केला की, हातवळणीच्या चिरुटाचे टोक थुंकीने चिकटविलेले असते, क्रेमो मात्र त्या दोषापासून मुक्त आहे. १९३१ साली बिंग क्रॉसबी या प्रख्यात गायकाचे रेडिओवरील गायनही याच चिरुटाच्या नावे होत असे.

ज्यांची ही निंदा, ते कोण होते? फ्लॉरिडातील टॅम्पा शहरी क्यूबा, स्पेन व इटली येथून आलेले हजारो कारागीर चिरूट वळीत. त्यांचे हात गुंतलेले असता उंच आसनावर बसून एकजण त्यांस वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवी, आणि त्याचे वेतन ते आपल्या मजुरीतून देत. १९३१ सालीच कारखानदारांनी हे वाचन बंद पाडले. ज्यांस ओंगळ म्हणून हिणविले, ते पदरचे पैसे खर्चून विद्येचा स्वाद घेणारे लोक होते!

स्वच्छतेचा आग्रह गैर होता, असे आमचे म्हणणे नाही. थुंकी लावण्याची सवय जेथे असेल तेथे ती मोडलीच पाहिजे. परंतु सवय मोडणे निराळे आणि माणसास ओंगळ ठरविणे निराळे. पहिल्या कामास डिंकाची वाटी पुरे. दुसऱ्याने सबंध वर्गाची अब्रू जाते. सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली माणसांस दूर ठेवण्याची विद्या आमच्या समाजासही अपरिचित नाही. म्हणून परक्यांस दोष देताना आमची जीभ अडखळते.

क्रेमो बाजारातून केव्हाच नाहीसा झाला. ती युक्ती मात्र नाहीशी झालेली नाही. किळस आली की विचार थांबतो, आणि विचार थांबला म्हणजे विकणारा सांगेल ते खरे वाटू लागते. सांगणाऱ्याचा दोष मोठा खराच; पण नाक मुरडून ऐकणारे आपण अगदीच निर्दोष आहो काय?