देह हाही गुरूच

दत्तभक्तहो, अवधूताचे चोवीस गुरू आपल्याला तोंडपाठ असतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात ते सांगून झाल्यावर अवधूत यदुराजाला म्हणतो की माझा देहसुद्धा माझा गुरू, आणि तो अखेर परक्याचा आहे. या जागी आपण फारसे थांबत नाही.

आयुर्वेदाने देहाचे सात धातू सांगितले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. नातवाच्या पुस्तकात चार ऊती आहेत. ऊती म्हणजे एकाच कामाला जुंपलेल्या पेशी. अस्तर घालते ती अभिस्तर, सांधून धरते ती संयोजी, हालचाल घडवते ती स्नायू, निरोप पोचवते ती चेता. गंमत म्हणजे हाड आणि रक्त, दोन्ही संयोजीच्याच खात्यावर! (बँकेत जन्म गेला, मला खातीच दिसणार.)

आता बुबुळापुढची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, पाहा. त्यात अभिस्तर आणि संयोजी ऊती आहेत, पण रक्तवाहिनी एकही नाही. म्हणून ते दुसऱ्याला बसवताना सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, चालते. मात्र मृत्यूनंतर साधारण सहा तासांत नेत्रदान व्हावे लागते.

आमच्या जुन्नर-आंबेगावात अजून कानावर येते, डोळे दिले तर पुढचा जन्म आंधळा. अहो, चितेवर जळलेले डोळे तरी कुठे बरोबर येतात?

मी घरी सांगून ठेवलंय: पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, नेत्रपेढीला लगेच फोन करा. नंबर देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलाय.